तिसऱ्या कार्यक्रमाचा अहवाल

३ फेब्रुवारी

मनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या बाबांकडून काढून घेतला. आधी देईनात. म्हणाले, "तिला विचारतो आणि मग देतो." मी म्हटलं, पोटच्या मुलीचा पत्ता मिळवायला अर्ज करायचा असेल तर छापील नमुना आणा, भरून देते. मग गुपचूप कागदावर लिहून दिला.

बँकेतली नोकरी सोडून तू क्रिप्टोच्या नादी लागलीस तेव्हा मी जे बोलले, ते पुन्हा बोलणार नाही. मागेही घेणार नाही. तो विषय इथे संपला.

आता लिहायचं कारण. मला काम मिळालंय आणि ते ऐकून तू हसशील. रिटायर झाल्यापासून मी साहेबाच्या मूल्यमापनाच्या ऑफिससाठी अधूनमधून फिरते, हे तुला माहीत आहे. साहेब म्हणायचं आपलं, शिकला तो माझ्याच हाताखाली. शिवणाचे वर्ग, वेल्डिंगचे वर्ग, आजाऱ्यांची देखभाल शिकवणारे वर्ग. कुणीतरी पैसे देतं, कुणीतरी वर्ग चालवतं आणि त्यातून कुणाचं खरंच काही भलं झालं का, ते मी बघून येते. यावेळी त्याने फाईल पुढे सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, विषय जरा वेगळा आहे. क्रिप्टो."

एक मोठी संस्था आहे. क्रिप्टोकरन्सीत नवीन काही करू बघणाऱ्यांना हात देणारे तीन कार्यक्रम तिच्या पैशावर चालतात. जागा, मार्गदर्शन, सुरुवातीचा खर्च, असं सगळं. पुढच्या वर्षी तिघांनाही पोसणं त्यांना जमणार नाही. कुणाचं चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं, ते आम्ही सांगायचं.

मी म्हटलं, "अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"वेल्डिंगमधलं तरी कुठे कळत होतं?" म्हणाला.

मग मी फाईल उघडली. तिसऱ्या कार्यक्रमाचं नाव वाचलं आणि मिटली. मग परत उघडली. तुझाच कार्यक्रम, मनी. तू वर्षभर जिथे होतीस तोच.

जिथे आपलं माणूस आहे तिथली फाईल हातात घ्यायची नाही, हा नियम त्या ऑफिसात मीच सगळ्यांकडून घोकून घेतला आहे. पण तू तिथून केव्हाच बाहेर पडलीस, पार तिकडे परमुलखात जाऊन बसलीस. तिथे आता माझं कोण आहे? कुणी नाही. म्हणून साहेबाला काही बोलले नाही.

आणि खरं कारण हवं असेल तर, मला तुझी ती ताई बघायची आहे, तो कार्यक्रम चालवणारी. तू बाबांशी फोनवर बोलायचीस तेव्हा मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असायचे. ताईला दाखवते, ताई म्हणाली तसं करते, ताईला पटलं तर बघू. 'आई'च्या पुढे एक 'त' लावला की झालं. जीभही फारशी वळवावी लागत नाही.

आई


१३ फेब्रुवारी

मनी,

दोन कार्यक्रम बघून झाले. तुझं उत्तर नाही, तरी सांगते.

पहिला एका काचेच्या इमारतीत आहे. आत शिरलं की भिंतभर रॉकेट रंगवलेलं. बसायला खुर्च्या नाहीत, धान्याच्या पोत्यासारखं काहीतरी आहे, त्यात मी बसले ती दोघांनी हात दिल्यावर उठले. तिथला व्यवस्थापक एक हसरा मुलगा आहे. त्याने मला चित्रं दाखवली, टाळ्या वाजवणाऱ्या माणसांचे फोटो दाखवले.

मी विचारलं, "मागच्या वर्षी इथे आलेली मंडळी आता काय करतात?"

"ती आमच्या कम्युनिटीत आहेत, मॅम."

"म्हणजे कुठे असतात?"

"ग्रुपवर."

"आणि पोटापाण्याचं?"

हसऱ्याने कॉफी मागवली.

मी त्यातल्या काहींना स्वतः फोन लावले. एक जण म्हणाला, तीन महिने मजा आली, स्टेजवर बोलायला शिकलो, बनवलेलं मात्र काही नाही. एक जण त्याच्या मामाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो.

दुसरा कार्यक्रम पडद्यावरच चालतो. तो चालवणारे एक वकील गृहस्थ आहेत, टाय लावून स्वतःच्या घरात बसलेले. प्रत्येक प्रोजेक्टला कायद्याचा सल्ला आणि लिहिलेला कोड तपासायला बाहेरचा माणूस. ठरलेलं काम ठरलेल्या दिवशी झालं नाही की मदत बंद, रडारड चालत नाही. मुलांना ते नावाने ओळखतही नाहीत. "प्रोजेक्ट सात चांगला चाललाय," म्हणाले. मला गृहस्थ आवडले. त्यांच्यावर कुणाचा जीव जडणं शक्य नाही, हे बघून जरा जास्तच आवडले.

पुढच्या आठवड्यात तिसरा.

आई


२२ फेब्रुवारी

मनी,

जाऊन आले. बसने तीन तास लागतात. तू तेव्हा म्हणायचीस, लांब आहे, सारखं येणं जमत नाही. फार लांब नाही.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या, रबराचा वास जिन्यापर्यंत. एका खोलीत एकच लांब टेबल, दुसरीत फळा. मी काय काय कल्पना करून गेले होते! वाटलं होतं, बाई झकपक असेल, केस रंगवलेले असतील, बोलताना हात फिरवत असेल. दार उघडलं तर समोर माझ्याच वयाची, दोरीला चष्मा अडकवलेली, पांढरे केस तसेच मागे बांधलेली एक बाई. आणि खेकसली काय! "चपला बाहेर. तारा पसरल्यात, अडखळून पडाल."

तरुण, चटपटीत कुणी असती तर मी समजून घेतलं असतं, मनी. आईकडे जे नाही ते मुलगी बाहेर शोधते, असं म्हणून सोडून दिलं असतं. तू तर हुबेहूब माझ्यासारखीच शोधलीस.

काम कसं चालतं ते तुला मी काय सांगू, तरी मी काय पाहिलं ते सांगते. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "क्रिप्टोशिवाय हे होत नाही का?" होत असेल तर घरी पाठवते. दहा आले तर चार तरी परत. पूर्वी इस्पितळातल्या यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर तपासायची म्हणे. "तिथे चुकलं की माणूस जातं. इथे चुकलं की माणसाची पुंजी जाते. माणूस मागे राहतं, तेच वाईट," असं म्हणाली. मी लिहून घेतलं. वाक्य बरं होतं.

मी गेले तो गुरुवार होता. गुरुवारी तिथे चोऱ्या चालतात. एकाने बनवलेलं वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचे पैसे ठेवायचं कुलूपबंद पाकीट, दुसऱ्याने फोडून दाखवायचं, आतले खोटे पैसे पळवायचे. पोरंपोरी टेबलाभोवती खाली माना घालून बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि ही मधून फिरतेय. एकाचं फुटलं. त्याचा चेहरा रडवेला झाला. ती त्याला म्हणाली, "आज फुटलं ते बरं. आज चोर ओळखीचा आहे."

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. तुमच्यामुळे कुणाचं भलं झालं, एक उदाहरण द्या. तिने तुझं दिलं.

"अशी चोर मी पाहिली नाही," म्हणाली. "कुणाचंही कुलूप असो, संध्याकाळपर्यंत उघडायची. आणि उघडलं की टेबलावर चढून गाणं."

तू गातेस?

मग तुझं काम समजावून सांगितलं. वॉलेटची किल्ली हरवली की त्यातले पैसे कायमचे गेले, तिथे बँकेसारखं खिडकीवर जाऊन रडता येत नाही. म्हणून तू किल्लीचे पाच तुकडे केलेस, पाच विश्वासाच्या माणसांकडे एकेक. त्यातली तिघं एकत्र आली की कुलूप उघडतं. मला पहिल्या फटक्यात समजलं. चांगली कल्पना आहे. तू घरी सांगितली असतीस तर घरीही समजली असती.

"पहिलं वॉलेट तिने स्वतःचं केलं," ताई म्हणाली, "आणि पहिला तुकडा माझ्या हातात दिला." हे सांगताना तिने चष्मा काढून पुसला.

बाकी तपासणी नेहमीसारखी झाली.

आई


२३ फेब्रुवारी

मनी,

नेहमीसारखी झाली नाही. काल एक गोष्ट लिहिली नाही, ती आज लिहिते, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

तिने पहिल्या तुकड्याचं सांगितल्यावर मी विचारलं, "आणि बाकीचे चार?" अगदी कोरड्या आवाजात, पेन हातात धरून, तपासणीचा प्रश्न असल्यासारखं.

"एक वडिलांकडे. दोन मित्रांकडे. एक बरोबर काम करणाऱ्या मुलीकडे."

"आईकडे नाही?"

"आई नसावी तिला," ताई हळूच म्हणाली. "वर्षभरात कधी विषय निघाला नाही. मीही विचारलं नाही हो. अशा जखमेत आपण कशाला बोट घालायचं?"

मी पाणी मागितलं. तिने स्वतः आणून दिलं, वर विचारलं, बस लागली का?

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. मी उठले आणि खोलीभर फिरले. खिडक्या मोजल्या. विचारलं, आग लागली तर खाली जायला दुसरा जिना आहे का? नव्हता. मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं. मग विचारलं, तुम्ही आजारी पडलात तर हे सगळं कोण बघतं? ती म्हणाली, "मी आजारी पडत नाही." तेही लिहिलं. तिला वाटलं असेल, बाई फार काटेकोर आहे. वेल्डिंगच्या वर्गात मी कधी दुसरा जिना विचारला नव्हता.

बसमध्ये शेजारी एक बाई होती. तिने विचारलं, मुलंबाळं किती? मी म्हटलं, एक मुलगी. ती म्हणाली, काय करते? मी म्हटलं, चोऱ्या करते. ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

आई


५ मार्च

मनी,

तुझा निरोप बाबांनी वाचून दाखवला. "आईला सांगा, मी ताईला असं काही बोलले नव्हते." तेच तर! असं बोलली नाहीस, तसंही बोलली नाहीस. काहीच बोलली नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. माझी आई कजाग आहे, हेकट आहे, तिच्यासमोर ब्र काढायची सोय नाही, असं चारचौघांत सांगितलं असतंस तर त्या बाईला निदान कळलं असतं की मी आहे.

ते असो. निरोप आला म्हणजे पत्रं पोचतात.

अहवाल लिहायला बसले आहे. नुसतं ज्यांना घेतलं त्यांना भेटून भागत नाही, ज्यांना घेतलं नाही त्यांनाही भेटावं लागतं, हे मी नव्या लोकांना नेहमी सांगते. ज्यांचं चांगलंच होणार होतं त्यांना घेऊन कुणीही शाबासकी मिळवेल. म्हणून ताईने परत पाठवलेल्यांपैकी एकाला भेटले. औषधांचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाइकांना स्वतःच्या दुकानाचं कॉइन द्यायची त्याची योजना होती.

"बाई, मी दुकान विकून त्यात पडणार होतो," म्हणाला. "त्यांनी दोन तास बसवलं, कागदावर गणित करून दाखवलं. म्हणाल्या, गिऱ्हाइकाला सूट द्यायची तर साधं कार्ड छाप, त्याला कॉइन कशाला? मी चिडून निघून आलो. आता रोज सकाळी शटर वर करताना आठवण येते त्यांची." बोलता बोलता गोळ्यांची पाकिटं लावत होता. त्याच्यासारखीच आणखी दोघं फोनवर बोलली.

बाबांना मी दोन दिवस त्या दुकानदाराचंच सांगत होते. इतक्या वर्षांत ज्याला नाकारलं तो माणूस नाकारणाऱ्याचं चांगलं बोलतोय, असं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मग मी अहवाल लिहिला. त्यात वकीलसाहेबांचा कार्यक्रम पहिला. हसऱ्याचा दुसरा. ताईचा तिसरा. दहातले चार सोडून जातात, म्हणजे गळती फार. सगळा डोलारा एका व्यक्तीवर उभा, ती नसली तर कार्यक्रम उरणार नाही. मार्गदर्शकाचे सहभागींशी संबंध व्यावसायिक मर्यादेपलीकडचे. हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

नेहमीप्रमाणे बाबांना वाचायला दिलं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी, माझ्या अहवालातली वेलांटीसुद्धा त्यांच्या हातून सुटत नाही. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून ठेवले.

"शुद्धलेखन ठीक आहे," म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. तो औषधवाला कुठे गेला, एवढंच शोधत होतो."

मी केवढ्याने ओरडले त्यांच्यावर! तुमची लाडकी, तुमच्याकडे किल्लीचा तुकडा, तुम्हाला फोन, तुम्हाला काय कळणार? ते उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. मुसळधार पाणी घातलं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

आई


१२ मार्च

मनी,

औषधवाल्याला अहवालात परत घालायला बसले. त्याला घातलं तर 'गळती' हा शब्द काढावा लागतो. कारण ती गळती नव्हतीच, ते त्या कार्यक्रमाचं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि हे मला तिथे पहिल्याच तासात कळलं होतं. तो शब्द काढला तर क्रम बदलतो. क्रम बदलला तर बाकीची वाक्यं एकेक करून बघावी लागतात. ती बघायला लागले आणि मला काही समजेना. डोलारा एका व्यक्तीवर उभा आहे, हे तर खरंच आहे ना? कुणीही सांगेल. पण मी ते खरं आहे म्हणून लिहिलं, की तिने चष्मा पुसला म्हणून? पस्तीस वर्षं हे काम केलं, मनी. माझं वाक्य कुठलं आणि माझ्या जळफळाटाचं कुठलं, ते मलाच वेगळं काढता येईना.

म्हणून साहेबाकडे गेले. त्याच्या समोर बसून सांगितलं, तिसऱ्या कार्यक्रमातली ती वॉलेटवाली मुलगी माझी मुलगी आहे.

त्याने टेबलावरचा टाचणीचा डबा फिरवला.

"मॅडम, हा नियम मला कुणी शिकवला?"

"मीच."

"मग आता मी काय करू?"

"त्या जागेवर मी असते तर केलं असतं ते."

त्याने केलं. फाईल काढून घेतली, अहवाल रद्द केला, दुसरा माणूस पाठवतो म्हणाला. यापुढे ऑफिसकडून मला काम मिळणार नाही, हे त्याला तोंडाने बोलावं लागू नये म्हणून मीच बोलले. निघताना त्याने उठून दार उघडून धरलं. पूर्वी माझ्या हाताखाली होता तेव्हा धरायचा तसंच.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस." मी म्हटलं, बरंबिरं काही केलं नाही. काम गेलं आणि त्या बाईचा अहवाल चांगला येणार, दोन्हीकडून माझंच नुकसान.

हे सगळं तुला वाचून वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये. थोडं वाटलं तर चालेल.

आई


२० एप्रिल

मनी,

निकाल लागला. तुला ताईकडून कळला असेलच, तरी माझ्याकडूनही ऐक.

नवीन माणसाने तिचा कार्यक्रम पहिला ठेवला. हसऱ्याचा बंद. वकीलसाहेब चालू. आणि गंमत बघ, ताईच्या कार्यक्रमाबद्दल त्याने लिहिलंय की सर्व काही एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे, हा धोका आहे. साहेबाने मला फोन करून वाचून दाखवलं. शब्द वेगळे, वाक्य माझंच! म्हणजे अगदीच काही मी मत्सराने आंधळी झाले नव्हते. मी साहेबाकडून ते दोनदा वाचून घेतलं.

संस्थेने अट घातली आहे. पैसे मिळतील, पण ताईने वर्षाच्या आत दुसरा मार्गदर्शक तयार करायचा, आणि निम्मी मुलं त्याच्याकडे द्यायची.

मी त्या दिवशी दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले.

आई


१८ मे

मनी,

ताई घरी येऊन गेली.

संस्थेच्या बैठकीसाठी इथे आली होती. आधीचा अहवाल रद्द का झाला ते तिला कळलं होतं, पत्ता साहेबाकडून घेतला. मी दार उघडलं, तर दारातच चपला काढून उभी. आता खेकसायची पाळी माझी होती, पण जमलं नाही.

बसली. पाणी प्यायली. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतंत हो."

"काय सांगायचं होतं? ती जखम मीच म्हणून?"

तिने मान खाली घातली. मग दोघींनाही एकदमच हसू आलं, कशाचं ते सांगता येणार नाही. फार वेळ टिकलं नाही.

नवीन मार्गदर्शक आली आहे म्हणे, तिच्या निम्म्या वयाची. "हुशार आहे. माझ्याहून हुशार असेल," ताई म्हणाली. "पोरं तिला नावाने हाक मारतात. काही सुचलं की आधी तिला दाखवायला जातात. मी आपली बाजूच्या खोलीत फळा पुसत उभी राहते. पुसून झालेला फळा परत पुसते." मी चहा केला, बशीत बिस्किटं जास्त ठेवली.

तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "मनीचा लहानपणीचा फोटो दाखवलास का यांना?"

"मनी?" ताई म्हणाली. "मनी म्हणता होय तिला?"

मला बाबांचा इतका राग आला! तिच्याकडे तुझं गाणं होतं, तुझ्या चोऱ्या होत्या, किल्लीचा पहिला तुकडा होता. माझ्याकडे एवढं एक नाव होतं, तेही यांनी उघड्यावर टाकलं. "मांजरीसारखी पायात पायात यायची म्हणून," बाबांनी वर समजावूनही सांगितलं. ताई ते नाव दोनदा हळू पुटपुटली, चव बघितल्यासारखं.

फोटो दाखवला. तिने बराच वेळ हातात धरला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "फोन येतो का हो तिचा तुम्हाला?"

आता काय झालं ते नीट वाच. मी म्हणाले, "दर रविवारी. न चुकता."

बाबा परत स्वयंपाकघरात गेले होते, त्यांनी सोडलेला नळ बंद झाला.

ताईचा चेहरा पडला. मी ते पाहिलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. फेब्रुवारीपासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

"हो का," ती म्हणाली. "चांगलं आहे. आईला करायलाच पाहिजे. मला दोनदाच आला. एकदा तिकडे पोचल्यावर, आणि एकदा ताप आला होता तेव्हा."

दोनदा! म्हणजे माझ्यापेक्षा दोनदा जास्त. आणि ताप? कधी आला होता ताप? मी तिच्यासमोर काय विचारणार? मला तर दर रविवारी सगळं कळत होतं. मी मान हलवली आणि म्हणाले, "हो, तापाचं सांगितलं होतं तिने."

"चार दिवस अंगात होता," ताई म्हणाली. "एकटीच होती. फोनवर नुसती श्वास घेत होती, बोलत काहीच नव्हती. मीही मग बोलले नाही. धरून बसले फोन. तुम्हाला कल्पना असेलच."

मी म्हटलं, असेलच म्हणजे काय, आहेच.

ती गेल्यावर बाबांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. ते कुंड्यांकडे गेले नाहीत, माझ्या शेजारी बसले.

निघताना ताई जिन्यात थांबून म्हणाली होती, "रविवारी फोन आला की तिला सांगा, मलाही एक करायला. फार नको. महिन्यातून एखादा." मी सांगते म्हणाले. दिलेला शब्द आहे, म्हणून सांगतेय. तिला फोन कर. ती वाट बघते, आणि तिच्या टेबलाशी तुझ्यासारखी गाणारी अजून कुणी आलेली नाही, हे मी तिला न विचारता सांगू शकते.

पण आधी मला. ताप कशाने आला होता? डॉक्टरला दाखवलंस का? आता उतरलाय का पूर्ण, की संध्याकाळी कणकण असते? रविवारी सकाळी मी घरीच आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती श्वास घे. मलाही फोन धरून बसता येतं.

आई